शिट्टी न होता शिजलेला चिन्नोर

वाचकहो, तांदळाच्या बाबतीत आपण दोन भाषांची माणसं मोठी श्रीमंत! मराठीत शेतात उभं असतं ते भात, गिरणीतून आला की तांदूळ आणि ताटात वाढला की पुन्हा भात. कन्नडात शेतातलं भत्त, डब्यातली अक्की आणि पानात वाढलेलं अन्न. मराठी माहेरची सून कन्नड घरात आली आणि सासूबाईंनी ‘अन्न झालं का?’ म्हणून विचारलं, की ती पोळी-भाजी-आमटीसकट सगळा स्वयंपाक पुढे मांडते. सासूबाईंना हवा असतो फक्त भात! हा विनोद आपल्यापैकी बऱ्याच घरांत घडून गेलेला आहे.

या श्रीमंतीत मी अलीकडे आणखी एका शब्दाची भर घातली. तो शब्द म्हणजे ‘धान’. शेतातल्या भाताला पूर्व विदर्भात आणि त्याच्या पलीकडे धान म्हणतात. हा शब्द मी आणला लालबर्र्याहून, आणि त्याच्याबरोबर पिशवीभर चिन्नोर तांदूळही.

लालबर्रा कुठं आलं? मिरजेला महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसायचं आणि अगदी शेवटच्या स्टेशनावर, गोंदियाला उतरायचं. तिथून उत्तरेला राज्याची हद्द ओलांडली की मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा लागतो. बालाघाटहून सिवनीच्या रस्त्याला लागलं की लालबर्रा. तालुक्याचं गाव, पण तिकडे त्याला तहसील म्हणायचं. माझी धाकटी नणंद तिथं दिलेली आहे. शाळा, कचेरी, बाजार सगळं हिंदीत. घराघरांत मात्र कुठं पोवारी, कुठं नागपुरी वळणाची मराठी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले आणि बालाघाट तिकडेच राहिला. त्याच दिवशी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. त्यामुळे एका भाषेत हिशेब आणि दुसऱ्या भाषेत भांडण करणारं घर पाहून मला काही नवल वाटलं नाही!

वैनगंगेच्या खोऱ्यातला हा सगळा पट्टा धानाचा. त्यात मान चिन्नोरचा. दाणा बासमतीसारखा लांबलचक नाही. मध्यम, बारीक, शिजल्यावर मऊसूत आणि वास असा की तूप-मीठ घालून नुसता खावा. २०२१ साली ‘बालाघाट चिन्नोर’ला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या आजरा घनसाळला ते २०१६ सालीच मिळालं होतं. म्हणजे या दोन तांदळांची सोयरीक कागदोपत्रीही जुळली म्हणायची.

आता मुद्द्यावर येते. नणंदेच्या सासूबाई शहात्तर वर्षांच्या आहेत. हात-पाय चालते, डोळे बरे, पण गेल्या काही वर्षांत कान गेले. कुकरच्या शिट्ट्या ऐकू येईनात. एकदा दुपारी घरात त्या एकट्याच होत्या. कुकर शिट्ट्या मारून मारून थकला, आतलं पाणी आटलं, सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला आणि भात छतापर्यंत गेला. सुदैवानं त्या तेव्हा अंगणात होत्या. तेव्हापासून मुलानं आणि सुनेनं त्यांना गॅसजवळ जाऊ द्यायचं बंद केलं. काळजीपोटीच, पण ज्या बाईनं साठ वर्षं घराला जेवू घातलं तिच्या हातातून पळी काढून घेतली की तिचं काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. त्या मुकाट झाल्या. जेवण निम्म्यावर आलं.

मग नागपूरला नोकरी करणाऱ्या नातवानं विजेवर चालणारा प्रेशर कुकर आणून दिला. मी गेले तेव्हा त्या घरात तो येऊन वर्ष झालं होतं, आणि सकाळचा भात पुन्हा सासूबाईंच्या हाती आला होता. मी विचारलं, “काकू, जमतं का हे?” त्या म्हणाल्या, “शिट्टी ऐकू नाही येत व बाई, पण याले शिट्टीच नाही तं अडते कुठं?”

खरंच, या भांड्याला शिट्टी नाही. आणि सुगंधी तांदळाच्या दृष्टीनं तेच त्याचं बलस्थान आहे. ते कसं, हे थोडं समजून घेऊ या.

आंबेमोहर, बासमती, घनसाळ, चिन्नोर अशा तांदळांच्या वासामागे मुख्यतः एकच पदार्थ असतो. त्याचं नाव आहे २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलीन. नाव अवघड असलं तरी ओळख जुनी आहे. काही घरांत परसदारी बासमतीचं पान लावतात आणि साध्या तांदळात ते घालून भात शिजवतात. त्या पानातही हाच पदार्थ असतो. हा पदार्थ उडून जाणारा. भात शिजताना घरभर वास सुटतो तेव्हा आपण खूश होतो, पण जेवढा वास घरभर गेला तेवढा ताटातून कमी झाला, हेही खरं! उघड्या पातेल्यात तो वाफेबरोबर जातो, वेळून काढलेल्या पेजेबरोबरही थोडा जातो. शिट्टीच्या कुकरमध्ये प्रत्येक शिट्टीला वाफेचा लोट बाहेर पडतो आणि त्याच्याबरोबर वासही.

विजेच्या प्रेशर कुकरात आतला दाब ठरावीक पातळीला पोचला की यंत्र स्वतःच उष्णता कमी-जास्त करतं. वाफ बाहेर सोडून दाब सांभाळायची त्याला गरजच पडत नाही. गॅसवरच्या कुकरात तापमान साधारण १२० अंशांपर्यंत जातं, यात ११५ च्या आसपास राहतं. वाफ कोंडलेली राहते, म्हणून पाणी कमी लागतं आणि वास दाण्यातच मुरतो. एक खुलासा करते. १९५५ साली जपानच्या तोशिबा कंपनीनं बाजारात आणलेला विजेचा राइस कुकर हा वेगळा प्रकार. त्यात दाब नसतो, वाफ झाकणातून जातच राहते. विकत घेताना दोहोंची गल्लत करू नका.

आता काकूंची पद्धत सांगते. मी घरी येऊन घनसाळवर आणि आंबेमोहरावर करून पाहिली, उत्तम जमते.

एक वाटी तांदूळ दोन पाण्यांतून हलक्या हातानं धुवा. चोळू नका, सुगंधी तांदळाचा दाणा नाजूक असतो, मोडतो. अर्धा तास भिजत ठेवा. भिजलेल्या दाण्याच्या गाभ्यापर्यंत पाणी पोचतं, शिजायला वेळ कमी लागतो आणि वासही टिकतो. मग निथळून कुकरच्या भांड्यात घाला. भिजवून निथळलेल्या तांदळाला वाटीस वाटी पाणी पुरतं. न भिजवता लावायचा असेल तर सव्वा वाटी. तांदूळ नवा असेल तर दोन चमचे पाणी कमी, वर्षाचा जुना असेल तर तेवढंच जास्त. चमचाभर तूप, चवीला मीठ. मोठ्या दाबावर चार मिनिटं लावा.

चार मिनिटं हा आकडा वाचून फसू नका. दाब तयार व्हायला आधी सात-आठ मिनिटं जातात, तो वेळ यंत्र मोजत नाही. चार मिनिटं संपली की वाफ सोडण्याची घाई करू नका. दहा मिनिटं तसंच राहू द्या. या दहा मिनिटांत भात मुरतो. आपण गॅस बंद करून कुकर निवू देतो तसंच हे. घाईनं वाफ सोडली तर दाणे फुटतात आणि कोंडून ठेवलेला वास एका क्षणात भुर्रकन उडून जातो, म्हणजे सगळी मेहनत वाया! दहा मिनिटांनी उरलीसुरली वाफ सोडा. हात आणि तोंड त्या छिद्रापासून लांब ठेवा. झाकण आपल्या विरुद्ध बाजूला कलतं करून उघडा आणि भात काट्यानं मोकळा करा.

आणखी चार गोष्टी ध्यानात ठेवा. भांडं निम्म्याच्या वर भरू नका, भाताचा फेस वर येऊन छिद्र बुजतं. भात झाल्यावर गरम ठेवण्याचं बटन आपोआप चालू होतं, ते बंद करा, नाहीतर तळाचा भात कडक होतो. एकट्या माणसासाठी अर्धी वाटी तांदूळ लावायचा तर एवढ्या कमी पाण्यावर दाब तयार होत नाही. अशा वेळी तळाला दीड वाटी पाणी, त्यावर जाळी आणि जाळीवर तांदूळ-पाण्याचं स्टीलचं भांडं ठेवा. दाबावरची मिनिटं मात्र चाराऐवजी सात करा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे झाकणाची रिंग! ती सिलिकॉनची असते आणि मसाल्याचा वास धरून ठेवते. काल रात्री मटणाचा रस्सा केला आणि आज सकाळी आंबेमोहर लावला तर भाताला रश्श्याचा वास येणारच. एक रिंग जास्तीची आणा आणि ती फक्त भातासाठी ठेवा.

वीज गेली तर? हा प्रश्न लालबर्र्यालाही आहे आणि आपल्या खेड्यांनाही. दाब तयार झाल्यावर वीज गेली तर झाकणाला हात लावू नका. पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्या, कोंडलेल्या उष्णतेवर भात बहुतेक वेळा शिजून जातो. हे यंत्र हजार वॅटच्या आसपास वीज खातं, घरगुती इन्व्हर्टरवर लावू नका.

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही आपली म्हण या भांड्यात चालत नाही. मध्येच झाकण उघडून शीत चेपून बघता येत नाही. कन्नडात शिताला अगुळु म्हणतात, तोही झाकणाआडच! काकू म्हणाल्या, “पयले हातानं समजे, मंग कानानं समजे, आता घडीवर भरवसा.” शहात्तराव्या वर्षी तिसरी रीत शिकलेल्या या बाईपुढे मी मनातल्या मनात हात जोडले.

पण त्यांची एक तक्रार आहे आणि ती मला तुमच्यापुढे मांडायची आहे. पूर्वी घरात चिन्नोर शिजला की गल्लीला कळायचं. वास गेला की शेजारीण हाक मारायची, “पाहुणे आले वाटते?” वाटीभर भात कुंपणावरून इकडून तिकडे जायचा. आता वास कुकरातून बाहेरच येत नाही. ताटात चांगला येतो, पण गल्लीत जात नाही. काकूंच्या लेखी हे नुकसान आहे, आणि ते नुकसान नाही असं मला म्हणता येत नाही. त्यावर त्यांनी स्वतःच तोडगा काढला आहे. रोजचा भात विजेच्या कुकरात. सणाला मात्र सूनबाईंना जवळ उभं करून गॅसवर पितळी गंज चढतो. (गंज म्हणजे तिकडे पातेलं बरं का! कन्नड मैत्रिणींना ‘गंजी’ आठवेल, पण ती पेज. लालबर्र्यात ही गंजी त्या गंजातूनच निघते!) त्या दिवशी वास जाऊ द्यायचा, शेजार जेवायला बोलवायचा.

चिन्नोर लावणं शेतकऱ्याला सोपं नाही. रोप उंच वाढतं, वाऱ्यापावसात लोळतं. संकरित धान लवकर निघतं, हे उशिरापर्यंत शेतात उभं असतं, आणि एकरी उतारा कमी. घनसाळची, आंबेमोहराची, येळ्ळूर-वडगावच्या शिवारातल्या बासमतीची कहाणी वेगळी नाही. मानांकनानं नाव राखलं जातं, पण दाणा राखला जातो तो खाणाऱ्या घरांमुळे. नणंदेकडे घरच्यासाठी दोन बांध्यांत चिन्नोर लावतात. कारण विचारलं तर तिचे यजमान म्हणाले, “आई रांधते म्हणून.” मधली दोन वर्षं काकूंचा हात स्वयंपाकाला लागत नव्हता, त्या दोन वर्षांत त्या बांध्यांतही संकरित धानच होतं. कुकर आला, काकू पुन्हा रांधू लागल्या, आणि पुढच्या पावसाळ्यात चिन्नोरची रोपं लागली. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातातली पळी आणि बांधीतलं वाण यांचा संबंध इतका जवळचा असतो, हे मला लालबर्र्यात कळलं.

त्यांनी जाताना एक कानमंत्रही दिला. सुगंधी तांदूळ वर्षाचा एकदम भरडून ठेवू नये. साळीच्या रूपात वास जास्त टिकतो, म्हणून कोठीत धान ठेवायचं आणि महिन्या-दोन महिन्यांपुरतंच गिरणीतून आणायचं. आपल्याला साळ मिळत नसेल तर तांदूळ तरी थोडाथोडा आणावा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा.

दिवाळी झाली की आजऱ्याकडचा नवा घनसाळ बाजारात येऊ लागेल. ओळखीच्या शेतकऱ्याकडून दोन किलो आणा. भांडं कुठलंही असो, पाणी बेतानं घाला आणि दहा मिनिटं झाकण उघडू नका. आणि घरात कुणा आजींना शिट्ट्या ऐकू येत नसतील, तर त्यांना स्वयंपाकघराबाहेर बसवण्याआधी त्यांना चालवता येईल असं भांडं घरात येतंय का, ते एकदा बघा.