पोळी सोडण्याआधी तपासणी हवी

शहरांतील दुकानांत ‘ग्लुटेन-फ्री’ असा शिक्का असलेली पिठे आणि बिस्किटे आता सहज मिळतात. अंगावर चट्टे उठले की ‘गहू बंद करून पाहा’ हा सल्लाही सर्रास दिला जातो. एका त्वचाविकारात हा सल्ला खरोखरच उपचार ठरतो. मात्र तो सरसकट सर्वांना लागू करणे धोक्याचे आहे.

‘डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस’ हा तो विकार. फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ लुई ड्यूरिंग यांनी १८८४ मध्ये त्याचे वर्णन केले. कोपरे, गुडघे व नितंबांवर बारीक फोड येतात आणि असह्य खाज सुटते. नावात ‘हर्पेटि’ असले, तरी नागिणीच्या विषाणूशी त्याचा संबंध नाही. दोष आहे तो रोगप्रतिकारशक्तीचा. गहू, सातू (बार्ली) व राय या धान्यांतील ग्लुटेनमुळे शरीरात तयार होणारी प्रतिद्रव्ये त्वचेत साचतात आणि तेथे दाह होतो. या रुग्णांच्या लहान आतड्यातही सीलिअ‍ॅक रोगासारखे बदल आढळतात, हे १९६० च्या दशकात उघड झाले.

‘डॅप्सोन’ या औषधाने खाज काही दिवसांतच थांबते. परंतु आतड्याला त्याचा उपयोग होत नाही. मूळ कारणावर घाव घालतो तो आहारच. मात्र त्याचा परिणाम त्वचेवर दिसण्यास अनेक महिने, काहींना दोन वर्षेही लागतात, आणि पथ्य बहुधा आयुष्यभर पाळावे लागते.

सोरायसिसचे चित्र वेगळे आहे. अमेरिकेतील नॅशनल सोरायसिस फाउंडेशनच्या वैद्यकीय मंडळाने २०१८ मध्ये ग्लुटेनमुक्त आहाराची शिफारस केली, ती केवळ रक्ततपासणीत ग्लुटेन-संवेदनशीलता आढळलेल्या रुग्णांसाठी.

खरी मेख येथेच आहे. आधी गहू सोडला, तर रक्तातील प्रतिद्रव्ये हळूहळू कमी होतात आणि तपासणी फसवी ठरू शकते. मग आजार आहे की नाही, हे कळण्यासाठी पुन्हा काही आठवडे गहू खावा लागतो. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी रक्ततपासणी व त्वचेची बायोप्सी, नंतर पथ्य.

निदान पक्के झाल्यावर मराठी स्वयंपाकघराला परदेशी पाकिटांची गरज नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा यांत ग्लुटेन नसते. अडचण आहे ती भेसळीची. ज्या गिरणीत गहू दळला, त्याच जात्यातून ज्वारी निघाली, तर पथ्य मोडते. बाजारातील बांधणीच्या हिंगातही अनेकदा गव्हाचे पीठ असते. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन नसावे, असा भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. सुट्या पिठावर मात्र असा शिक्का नसतो. त्यामुळे या रुग्णांपुढील प्रश्न केवळ पोळी की भाकरी एवढाच राहत नाही. ती भाकरी कोठे दळली, हेही पाहावे लागते.