आधी तपासा, मग बदला



‘घरी जुळवलेला संगणक सुरू होत नसेल, तर मदरबोर्डच बदला’ हा गेल्या अंकातील सल्ला पटला नाही. आधी रॅमची एकेक पट्टी वेगवेगळ्या स्लॉटमध्ये लावून पाहावी, ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल बदलावा, दुसरा पॉवर सप्लाय जोडावा. तरीही पडदा काळाच राहिला किंवा कपॅसिटरची डोकी फुगलेली दिसली, तर बोर्डावर संशय घ्यावा.

वेग वाढवायलाही नवा बोर्ड लागतोच असे नाही. बहुतेक बी४५० बोर्डांवर बायोस अद्ययावत केल्यास रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसर चालतात. मात्र हे काम जुना प्रोसेसर काढण्याआधीच उरकावे. एएम५ बोर्ड घेतला, तर डीडीआर५ रॅमचा खर्चही बोकांडी बसतो. पै-पै साठवून संगणक जुळवणाऱ्यांना असा भुर्दंड पडू नये.

– एक वाचक, नाशिक