सुईदोरा : आईची इरकली आणि बाल्टिमोरचं पान



मागच्या खेपेला लोणच्याचं पुराण झालं, आज जरा सुईदोऱ्याकडे वळू.

आई गेली त्याला दोन वर्षं झाली. पुण्याहून निघताना तिची एक हिरवी सुती इरकली बॅगेत घातली. वहिनी म्हणाली, "नुसती कपाटात ठेवू नका हो ताई, गोधडी शिवा." हो म्हटलं खरं, पण कात्री काही लावता येईना.

आम्ही राहतो बाल्टिमोरजवळ. १८४० च्या दशकात आणि १८५० च्या सुरुवातीला या शहरातल्या बायकांनी 'आल्बम क्विल्ट' नावाचा प्रकार अगदी कळसाला नेला. पांढऱ्या कापडाच्या चौकोनांवर लाल-हिरव्या कापडाची फुलं, पानं, टोपल्या, गरुड, जहाजं हाताने शिवून बसवायची. चौकोन वेगवेगळ्या बायकांनी करायचे, बऱ्याचदा त्यावर शाईने सही करायची आणि सगळे जोडून रजई करायची. गाव सोडून जाणाऱ्यालाही अशी रजई भेट देत. बाल्टिमोरच्या कलासंग्रहालयात त्यातल्या काही जपून ठेवल्यात. त्या पाहिल्या आणि वाटलं, निरोपाची रजई! आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

शेजारच्या बाई चाळीस वर्षं हे काम करतात. त्यांच्याकडे शिकायला बसले. आपल्या गोधडीत थरावर थर ठेवून धावदोरा घालत जायचा. इथे आधी एकेरी कापडावर नक्षी बसवायची, मग कापूस आणि अस्तर लावून तिन्ही थर शिवायचे. पानाचा आकार कापडाच्या सुलट बाजूला आखायचा, भोवती चारेक मिलिमीटर जास्त ठेवून कापायचं आणि ती कड सुईच्या टोकाने आत दुमडत जायची. एका वेळी बोटाच्या पेराहून कमीच! दोरा पानाच्या रंगाचा, खालच्या कापडाच्या नाही. सुई दुमडीतले दोन-तीन धागे पकडून वर काढायची आणि लगेच तिथेच खाली घालायची. टाका दिसला तर चुकलात. आतल्या वळणाला बारीक काप द्यायचे, बाहेरच्या वळणाला नाही. देठाची पट्टी तिरकी कापायची, म्हणजे ती चुणी न पडता वळते.

सरावाच्या कापडावर जमलं. एका पानाला पाऊण तास. ऑफिसात तेवढ्या वेळात दोन मीटिंगा होतात :-)

मग धीर करून इरकलीचा तुकडा कापला. झालं! वर्षानुवर्षं धुतलेलं, विरलेलं सूत. सुई लागली की कड सुटायची. टोकाशी तर चार मिलिमीटरमधलं काहीच उरलं नाही. उसवलं, पुन्हा बसवलं, आणखी सुटलं. आईची साडी मी वाया घालवली असं वाटून रडू आलं. बाईंनी पान हातात घेऊन पाहिलं आणि एवढंच विचारलं, "कापायच्या आधी स्टार्च केलं होतंस का?"

खळ! आई आयुष्यभर दर सुती साडीला खळ देत आली आणि मला आठवलं नाही. त्या रात्री साबुदाण्याची पातळ खळ केली, तुकडा बुडवला, सुकवला, इस्त्री केली. आता कड दुमडली की दुमडलेली राहते. जास्तीचं कापडही सहा मिलिमीटर ठेवते, आणि टोकाशी टाके जवळजवळ घालते.

आजवर नऊ पानं झाली. हा चौकोन संपायला दिवाळी उजाडेल. आईने शिवलेल्या एकाही गोधडीवर तिचं नाव नाही. इथल्या रिवाजाप्रमाणे कोपऱ्यात शाईने सही करायची आहे. माझी नाही, तिची.

तुमच्यापैकी कुणी आईच्या साडीला कात्री लावली असेल तर जरूर कळवा. पहिला काप कसा घातलात?

लोभ आहेच, तो वाढावा.
आपली,
बाल्टिमोरकरीण

ता. क. शिकायचं असेल तर नव्या, घट्ट विणीच्या सुती कापडावर सुरुवात करा. जुनी साडी सर्वांत शेवटी.