वाघिणीचा अडवलेला रस्ता
३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातील गोठणगाव परिसरात पाच बछड्यांसह निघालेल्या वाघिणीची वाट पर्यटकांच्या वाहनांनी दोन्ही बाजूंनी रोखली, आणि या प्रकाराची दखल अखेर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठास स्वतःहून घ्यावी लागली, ही गोष्ट अत्यंत खेदजनक होय. वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर आणि दोन वाहनांत ५० मीटर अंतर राखावे, असा राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा २०१२ सालचा दंडक असता, तो पाळणे ज्यांच्या हाती, ते चालक व मार्गदर्शकच कित्येकदा पर्यटकांच्या आग्रहापुढे नमतात. पिलांसह कोंडल्या गेलेल्या वाघिणीस माघारीचा मार्ग उरत नाही, आणि उघड्या जिप्सीत बसलेल्या माणसास तिच्या झेपेपासून कसलेही संरक्षण नसते. त्याहून गंभीर हे की, मोटारींच्या गराड्यात वाढणारे बछडे माणसाचे भय गमावून बसले, तर त्याचे परिणाम पर्यटकांना नव्हे, मोहफुले व तेंदूपाने वेचण्यास पहाटे रानात शिरणाऱ्या गावकऱ्यांना भोगावे लागतील. चालक-मार्गदर्शकांवर कारवाई झाली, ती योग्यच. परंतु वाहन पुढे दामटण्याचा हट्ट धरणाऱ्या पर्यटकावरही प्रवेशबंदीचा हुकूम बजावण्याची तजवीज वनखात्याने विनाविलंब केली पाहिजे.