नातवाचा उतरलेला आवाज

प्रवेशाचा हंगाम संपला, की अनेक घरांतील एक खोली रिकामी होते. नातू वा नात शिक्षणासाठी पुण्याला, मुंबईला, नागपूरला जाते आणि आजी-आजोबांच्या वाट्याला उरतो तो रविवारचा फोन. ‘जेवलास का?’ ‘हो.’ ‘अभ्यास कसा चालला आहे?’ ‘बरा.’ एवढ्यावर संभाषण संपते. या ‘बरा’मागे काय दडले आहे, हे वेळीच ओळखले तर पुष्कळ अनर्थ टळतात.

माझ्याकडे नियमित येणाऱ्या एका आजींचा रक्तदाब मध्यंतरी काही केल्या आटोक्यात येईना. गोळ्या वेळेवर, मीठ बेताचे, तरी आकडा चढाच. विचारता विचारता उलगडा झाला. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या नातवाचे चार विषय राहिले होते. त्याने ते केवळ आजीला सांगितले आणि ‘बाबांना सांगू नकोस’ अशी शपथ घातली. नातवंडे आपले गुपित आजी-आजोबांपाशी ठेवतात, कारण तेथे हिशेब मागितला जात नाही. हा विश्वास मोलाचा आहे. परंतु असे ओझे एकट्याने वाहणे दोघांच्याही प्रकृतीला मानवत नाही. ‘शपथ मोडू नका, त्यालाच राजी करा,’ असे मी आजींना सुचवले. आठवडाभराने त्याने स्वतःच वडिलांना सांगितले.

विषय राहिला म्हणजे वर्ष बुडालेच असे नाही. विद्यापीठाच्या नियमांत बसत असेल तर एटीकेटीची सवलत मिळते. उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांसाठीही अर्ज करता येतो. मात्र मुदत थोडी असते आणि दुःखात तेच दिवस निघून जातात. आजारपणामुळे उपस्थिती कमी पडत असेल, तर विभागप्रमुखांना त्याच वेळी लेखी कळवावे आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा दाखला तेव्हाच घ्यावा. दोन महिन्यांनी मागील तारखेचा दाखला मागायला येणारे पालक मला दरवर्षी भेटतात. तसा दाखला कोणत्याही डॉक्टरला देता येत नाही.

काही मुलांची अडचण आळसाची नसते. वाचन-लेखनाशी निगडित अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार यांचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. प्रमाणपत्र मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यास परीक्षेत वाढीव वेळ, गरजेनुसार लेखनिक, अशा सवलती मिळू शकतात.

महाविद्यालयात कोणाकडे जावे? मार्गदर्शक शिक्षक, वसतिगृहाचे अधीक्षक, विद्यार्थी कल्याण विभाग आणि समुपदेशक, ही चार दारे बहुधा असतात. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा ‘तुमच्याकडे समुपदेशक कोण आहेत?’ असे प्रवेशाच्या वेळीच विचारणे हा पालकांचा अधिकार आहे. रॅगिंगची तक्रार १८००-१८०-५५२२ या निःशुल्क क्रमांकावर करता येते.

आता लक्षणांविषयी. झोपेचे वेळापत्रक पूर्ण उलटणे, जेवण सुटणे, फोन टाळणे, मित्रांपासून तुटणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास होतो’ असे बोलणे. यांतील काही दोन आठवडे टिकले तर डॉक्टरांना दाखवावे. जिवाविषयीचे बोलणे वा निरवानिरव दिसली, तर एक दिवसही थांबू नये. मनात शंका आली तर सरळ विचारावे, ‘बाळा, जीव नकोसा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आले तर उपदेश करू नये, इतरांच्या मुलांचे दाखले देऊ नयेत. त्याला एकटे सोडू नये. तो दूर असेल तर फोन चालू ठेवून दुसऱ्या फोनवरून अधीक्षकांना वा खोलीतील मित्राला त्याच्याजवळ पाठवावे. अशा वेळी गुपित राखण्याची शपथ पाळायची नसते.

टेलिमानस ही केंद्र सरकारची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. काळजीत पडलेले आजी-आजोबाही तेथे सल्ला विचारू शकतात. जिवाला धोका असेल तर ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. ‘पोलीस केस होईल’ या भीतीने रुग्णालयात नेण्यास उशीर करू नये. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा गृहीत धरतो आणि तिच्या उपचारांची जबाबदारी शासनावर टाकतो.

आणखी एक गोष्ट थेट आपल्या हातातली आहे. आपल्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या आणि झोपेच्या गोळ्या, तसेच शेतीची औषधे घरात कुलपात ठेवावीत. संकटाची तीव्र लाट पुष्कळदा थोड्या वेळाने ओसरते. तेवढ्या वेळात घातक वस्तू हाताशी नसणे यानेही जीव वाचतो.

हे क्रमांक आज मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारी लावा. नातवाच्या वसतिगृहाच्या अधीक्षकांचा आणि त्याच्या एका मित्राचा क्रमांकही त्याखाली लिहून ठेवा. आणि येत्या रविवारी अभ्यासाचे विचारण्याआधी ‘झोप लागते ना?’ एवढे विचारा. उत्तर यायला वेळ लागला, तर घाई न करता थांबा.