आधी पोट बघा, मग रंग

निवृत्तीनंतर काय करणार, असं विचारणाऱ्यांना आम्ही दोघं बरेच दिवस एकच उत्तर देत आलो आहोत : गाडीत राहणार! लोक हसतात. रत्नागिरीत स्वतःचं घर, परसात हापूसची दोन कलमं, आणि यांना म्हातारपणी गाडीत राहायचंय! पण हिला नर्मदेचा काठ सावकाश बघायचाय, मला राजस्थान बघायचंय आणि गुडघ्यांमुळे रोज नवं लॉज, रोज नवा जिना दोघांनाही नको आहे. आत दोन माणसांना आडवं होता येईल, एक शेगडी असेल, पाण्याची टाकी असेल आणि जमल्यास संडास. एवढी सोय असलेली डिझेल गाडी आम्हाला हवी होती. नवी घेण्याची ऐपत नाही. म्हणजे जुनी आली.

तशी एक मिळालीही. एका स्नेह्यांच्या नात्यातल्या गृहस्थांनी प्रवासी टेम्पोचं घर करून घेतलं होतं. गाडी खाडीकाठच्या एका आवारात उभी होती. दुधासारखा पांढरा रंग, आत पडदे, फळ्यांची कपाटं, घडीचा पलंग. ही तर कपाटात डबे कुठले ठेवायचे याचा हिशेब करू लागली. माझ्या खिशात विसाराचं पाकीट होतं. पंचांगात दिवसही बघून ठेवला होता. आता हे सांगायला संकोच वाटतो, पण आमच्या नेहमीच्या मिस्त्रींना बरोबर नेलं ते केवळ रीत म्हणून. ते येताना एक चटई आणि एक पेचकस घेऊन आले होते.

गृहस्थांनी बॉनेट उघडून इंजिन दाखवायला सुरुवात केली. मिस्त्री म्हणाले, ‘‘इंजिन मागाहून बघू वो,’’ आणि चटई अंथरून सरळ गाडीखाली गेले. वर आम्ही चहा घेत होतो. खालून टक्‌टक् आवाज येत होता. मध्येच तो आवाज थांबला. मिस्त्रींनी मला खाली वाकायला लावलं. सायलेन्सरच्या वरच्या बाजूला, जिथे आतला पलंग येतो तिथे, जमिनीच्या पत्र्यात त्यांचा पेचकस मुठीपर्यंत आरपार गेला होता. वरून नुकताच फासलेला काळा रंग आणि खाली पापडासारखा पत्रा.

खारी हवा काय करते हे रत्नागिरीकरांना सांगायला नको. आपल्या खिडक्यांचे गज, पंपाची पेटी, सायकली, सगळं आपण दरवर्षी खरवडतो आणि रंगवतो. पण गाडी बघायला गेलो की हे ज्ञान आपण घरी ठेवून जातो. त्यात पूर्वी ती गाडी कशासाठी वापरली हेही विचारत नाही. मासळी वाहिलेल्या गाडीत खारं पाणी आतूनही झिरपलेलं असतं. इंजिन बिघडलं तर ते उतरवता येतं, बांधता येतं, फार तर खर्च होतो. चेसिस आतून सडली की तिला डाग देत बसणं म्हणजे वाळवी लागलेल्या वाशाला रंग देणं. म्हणून जुनी गाडी बघताना आधी पोट बघावं, मग इंजिन, आणि रंग सर्वांत शेवटी. बघितला नाही तरी चालेल.

हा नुसता पैशाचा प्रश्न नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृतावस्थेत सापडली. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड गाडीच्या तळातल्या भोकातून आत शिरला होता, असं तपासात निष्पन्न झालं. या वायूला रंग नाही, वास नाही. चालत्या गाडीत खालचं भोक म्हणजे थोडी धूळ. त्याच गाडीत खिडक्या लावून रात्री झोपायचं म्हटलं की ते भोक वेगळं दिसतं. पेचकस जिथे आरपार गेला, त्याच्या वर बरोबर हिची उशी आली असती.

हे सगळं ठाऊक नसतं असं नाही. विचारायची भीड वाटते. ओळखीतला माणूस, घरी चहा झालेला, त्याच्या गाडीखाली कसं शिरायचं? सोयरीक जुळवताना आपण चार घरी चौकशी करतो, नारळ घेताना कानाशी हलवून बघतो, आणि लाखो रुपयांची गाडी घेताना मात्र ‘छे छे, तुमच्यावर विश्वास आहे’ म्हणून मोकळे होतो! भीड ही भिकेची बहीण, असं आपल्या आज्या उगाच म्हणत नव्हत्या. माझं तर स्पष्ट मत झालं आहे, की ओळखीच्या माणसाची गाडी परक्याच्या गाडीपेक्षा दुप्पट कसून बघावी. परक्याशी निदान भांडता तरी येतं.

इंजिनाबद्दल मिस्त्रींनी मला जे शिकवलं ते थोडक्यात सांगतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती तापून डिझेल आपोआप पेटावं, अशी त्याची रचना. दाब कमी पडत असेल तर ते थंड असताना कळतं, गरम झाल्यावर लपतं. म्हणून जाताच बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागलं तर समजावं, आपल्यासाठी कोणी आधीच गाडी चालू करून ठेवली होती. थंड गाडी एक-दोन सेलात सुरू झाली पाहिजे. मग धूर बघावा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा धूर थंडीत क्षणभर चालतो, पण हटतच नसेल तर एक तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत जातंय. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढून बघावं; तिथून धुराचे फटके येऊ लागले की मिस्त्री मान हलवून म्हणतात, ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय.’ मीटरवरच्या किलोमीटरवर मात्र फार जीव लावू नये. पेडलवरचं रबर आणि स्टिअरिंगची झीज पुष्कळदा मीटरपेक्षा खरं बोलते.

आणि गाडी सपाट रस्त्यावर नव्हे, चढावर चालवून बघावी. आपल्याकडे निवळीचा घाट आहे, साखरप्याच्या पुढे आंबा घाट आहे. क्लच घसरतो का, काटा तापतो का, उतारावर ब्रेक दमतो का, हे अर्ध्या तासात कळतं. तेही भरलेल्या गाडीत. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टाकी, पलंग, फळ्या, बॅटऱ्या, सिलिंडर आणि वर आपण. आरसीवर गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा छापलेली असते. गाडी वजनकाट्यावर नेऊन तो आकडा पडताळायला कितीसा वेळ लागतो? टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात : २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. उभ्या राहणाऱ्या गाडीचा टायर झिजत नाही, पण वयानं कडक होऊन फुटतो.

२०२०च्या एप्रिलपासूनच्या बीएस-६ गाडीत धूर गाळणारी जाळी असते आणि पुष्कळ गाड्यांत युरियाची वेगळी टाकीही. घरच्या घरी कमी फिरवलेल्या गाडीत ही जाळी तुंबते. ‘फारशी वापरलेली नाही’ हे वाक्य डिझेल गाडीच्या बाबतीत प्रशस्तिपत्र नव्हे.

घर म्हणून बघण्याचं काम हिनं केलं, आणि माझ्यापेक्षा चांगलं केलं. आधी तिनं कपाटं उघडून वास घेतला. मग फ्रिजवरचं लोहचुंबक पर्समधून काढून पत्र्यावर फिरवलं; पुट्टी भरलेल्या जागी ते चिकटलं नाही. छताच्या झरोक्याखालची फळी तिनं बोटानं दाबली, तर ती मऊ लागली. जुनी घरगाडी बघायची तर आषाढात बघावी. आपला पाऊस जे दाखवतो ते कुठलं यंत्र दाखवणार नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. म्हणून त्याच्या पेटीला तळाशी जाळी हवी. या गाडीत ती नव्हती. आणखी एक : सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघावा. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीच्या पुरानं चिपळूण बुडालं, तेव्हा किती गाड्या पाण्यात गेल्या हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यातली एकही पुसून-रंगवून पुन्हा बाजारात आली नसेल, असं मानणं भाबडेपणाचं होईल. गाडी धुणारा सगळं धुतो, पट्ट्याच्या आतल्या वेटोळ्यातला गाळ तेवढा विसरतो.

राहिले कागद. इथे माझ्या मेहुण्याची गोष्ट सांगतो. त्यानं जुनी जीप विकली, सही केलेले फॉर्म दिले, पैसे घेतले आणि विसरला. घेणाऱ्यानं नाव चढवलंच नाही. पुढे अपघात झाला आणि न्यायाधिकरणाची नोटीस मेहुण्याच्या दारात! नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयानंही २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून २९ आणि ३० नंबरचे फॉर्म स्वतः उभं राहून दाखल करावेत. कर्ज असेल तर बँकेचा ३५ नंबरचा फॉर्म आणि बोजा उतरल्याची नोंद बघावी. विमा आपल्या नावावर करून घ्यावा. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ आणि २०१८च्या आदेशांनी बंदी आली, नंतर तीत बदलही झाले. पण त्या काळात तिकडच्या गाड्या देशभर विकल्या गेल्या. स्वस्त मिळते म्हणून अशी गाडी आणायची तर तिथली एनओसी आणि इथला रस्ताकर किमतीत धरूनच सौदा करावा.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, आरसीवर गाडी काय म्हणून नोंदली आहे? मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम मूळ रचनेत परस्पर फेरफार करू देत नाही. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. आम्ही पाहिलेल्या गाडीत सीटा काढून पलंग बसवला होता. कागदावर मात्र ती अजून प्रवासी गाडीच होती. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवणार. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, ते चांगलंच झालं. पण माझ्यासारख्या एकट्यादुकट्या माणसाला जुनी गाडी तपासून देणारी, कागदावर शिक्का देणारी सोय तालुक्याच्या गावी असती, तर मिस्त्रींच्या पेचकसावर सगळा भार पडला नसता.

ती गाडी आम्ही घेतली नाही. मी ‘विचार करून कळवतो’ असं पुटपुटत होतो. मिस्त्रींनी मात्र मालकांना चटईवर निजवून भोक दाखवलं आणि, ‘‘यात माणूस निजवू नका, तुम्ही स्वतःसुद्धा निजू नका,’’ असं तोंडावर सांगितलं. गृहस्थांना ते लागलं. परवा एका लग्नात समोर आले, तर त्यांनी मान वळवली. स्नेह्यांचंही येणं जरा कमी झालं आहे. ही किंमत आम्ही दिली, आणि ती लहान नाही.

येत्या रविवारी कोल्हापुरात एक गाडी बघायला जायचंय. मिस्त्री येणार आहेत, चटई त्यांची, लोहचुंबक हिचं. गाडीवाल्यांना आम्ही रविवारी येतो एवढंच कळवलं आहे. किती वाजता, ते मिस्त्रींनी मला सांगू दिलेलं नाही.