म्हशीला लायसन, माणसाला अतिक्रमण



शाळेत मुंबईचा इतिहास म्हटला की सात बेटं येतात. 1661 साली पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला आंदण मिळालं, 1668 मध्ये त्यानं ते वर्षाला 10 पौंडांवर कंपनीला देऊन टाकलं. पोरं हे घोकतात, मार्क मिळवतात. पण ती सात बेटं माहीमच्या खाडीशी संपतात. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर त्यांत नाहीतच. आपण राहतो ती साष्टी. म्हणजे उपनगरातल्या शाळेत पोरांना दुसऱ्याच्या गावाचा इतिहास शिकवतात, आणि शाळेच्या कुंपणामागच्या डोंगराबद्दल एक ओळ नाही.

साष्टीचा इतिहास हा जमिनीचा इतिहास आहे, म्हणून तो अडचणीचा आहे. पोर्तुगिजांकडून 1737 मध्ये ती मराठ्यांकडे आली, 1774 च्या शेवटी इंग्रजांकडे गेली. इंग्रजांनी इथली गावंच्या गावं मर्जीतल्या खोतांना दिली. पवईची इस्टेट फ्रामजी कावसजींना मिळाली. गाव दिलं म्हणजे गावातली माणसंही दिली काय? ह्या इस्टेटींची सारामाफी मोडायला 1951 साल उजाडावं लागलं, वेगळा कायदा करावा लागला. मधल्या काळात 1860 मध्ये विहारचा तलाव झाला, पुढे तुळशीचा. पाणी खाली शहरात गेलं. वरच्या पाड्यांत बायका आजही हंडे वाहतात, हे वेगळं सांगायला नको.

मग आरे. 1951 साली पंडित नेहरू आले, दूध वसाहतीचं उद्घाटन झालं. 3,000 एकरांहून जास्त जमीन, 16,000 च्या आसपास म्हशी. म्हशी युनिटात बांधल्या, त्यांना लायसन मिळालं. केल्टीपाडा, खंबाचा पाडा, दामूचा पाडा इथली वारली, कोकणा, मल्हार कोळी माणसं तिथंच होती. त्यांना ना लायसन, ना सातबारा. म्हशीची नोंद झाली, माणसाची राहिली. दूध वसाहतीची ही गोष्ट आजवर कुठल्या वर्गात सांगितली?

शेजारी राष्ट्रीय उद्यान. 1997 साली उच्च न्यायालयाचा अतिक्रमणं हटवण्याचा हुकूम आला, आणि त्या झाडाझडतीत जंगलातले जुने पाडेही झोपड्यांच्या रांगेत उभे केले गेले. आता ऐका. आमच्या एका पाड्यातली पोरगी शाळेतून आली नि आजीला विचारते, ‘आपण अतिक्रमण आहोत का?’ हा शब्द तिला वर्गात मिळाला. वारली हा शब्दही तिला तिथंच मिळाला, पण भिंतीवर. शाळेच्या भिंतीवर तारपा वाजवणारी पांढरी माणसं रंगवलेली आहेत. पाहुणे आले की तिच्यापुढं फोटो काढतात. चित्र चालतं, चित्रातला माणूस जमिनीवर उभा राहिला की चालत नाही.

काही सर-बाई म्हणतील, अभ्यासक्रम ठरलेला आहे, आमच्या हातात काय? शिवाय मतदार यादी, जनगणना, खिचडी सगळं त्यांच्याच डोक्यावर. हे आम्हाला कळतं, त्यांच्याशी आमचं भांडण नाही. पण तिसरी-चौथीच्या विषयाचं नावच ‘परिसर अभ्यास’ आहे. परिसर शिकवायला वरून परवानगी कशाला लागते? 1945 मध्ये तलासरी, डहाणू, उंबरगावच्या वारल्यांनी वेठबिगारी मोडली, त्यातले पाच जण तलवाड्याला पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. ती जागा इथून एका लोकलच्या अंतरावर. डहाणूची गाडी बोरिवलीला थांबते, साहेब.

आणि हे निव्वळ अभिमानाचं प्रकरण नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याखालच्या नियमांमध्ये पुरावा म्हणून काय चालतं ते वाचा. जुने नकाशे, गॅझेटियर चालतात. तसंच दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब चालतो. जुनी विहीर, मसणवट, देवाचं ठिकाण चालतं. म्हणजे आजीला जे माहीत आहे ते कायद्याच्या लेखी पुरावा, आणि शाळेच्या लेखी अडाणीपणा! नातवाला शाळेनं आजीचं ऐकायलाच शिकवलं नाही, तर ती गेली की पुरावाही मसणात जाणार. बेदखलीची नोटीस येईल तेव्हा नातू सात बेटांची नावं पाठ म्हणून दाखवेल.

आमची मागणी साधी आहे. पाड्यांलगतच्या प्रत्येक महापालिका शाळेनं वर्षात चार दिवस वर्ग पाड्यात भरवावा. वाघदेव कुठं, गावदेवी कुठं, जुनी विहीर कोणी खणली, भात कुठं लावायचे, तबेल्याआधी तिथं काय होतं, हे पोरांनी विचारावं, वहीत लिहावं, नकाशा काढावा. त्यावर मार्कही द्यावेत, नाहीतर कोणी मनावर घेणार नाही.

शाळा हलेपर्यंत आपण थांबायचं नाही. दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येक पाड्यात सातवीच्या वरच्या पोरांनी वही धरावी. साठीच्या पुढच्या एकाही माणसाला सोडू नका, म्हाताऱ्या बायांना आधी गाठा. सांगणाऱ्याचं नाव, वय, तारीख लिहा. लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा, मगच सही किंवा अंगठा घ्या. एक प्रत पाड्यात ठेवा, एक संघटनेकडे द्या, आणि एक शाळा उघडली की बाईंच्या टेबलावर.